ईश्वरचिठ्ठीचं राज्य

मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल मतांनी लागलाच नाही. भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मतं फेरमोजणीनंतर समसमान निघाली. मग नियमाप्रमाणे दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, एक उचलली, ती शाहांची निघाली आणि ते नगरसेवक झाले. आपल्याकडे याला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. अशी बातमी आली की आपल्याला हसू येतं. एवढा प्रचार, एवढा पैसा, उन्हातान्हातली एवढी पायपीट, आणि शेवटी काय, तर चिठ्ठी!

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या अथेन्सकराला ही हकिगत सांगितली असती तर तोही हसला असता. मात्र त्याचा प्रश्न वेगळा असता: शेवटी चिठ्ठीच टाकायची होती, तर आधी मतं कशाला घेतलीत? लोकशाही आहे ना तुमच्याकडे?

हा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो चावटपणा वाटला होता. आता तसा वाटत नाही.

निवडणुकीचा वीट आलाय हे आता कुणी दबक्या आवाजात बोलत नाही. लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ च्या विधानसभेला दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’ होता. २७ हजारांहून जास्त मतदार रांगेत उभे राहिले, बोटाला शाई लावून घेतली आणि ‘यातलं कुणीच नको’ असं बटण दाबून घरी गेले. त्यामागे स्थानिक हिशेबही असतील, पण आकडा आकडाच आहे. मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून काही वर्षं प्रशासकाच्या हाती होती. त्या काळात नगरसेवक नसल्याचं दुःख झालेला माणूस मला तरी भेटला नाही. सत्ता पालटते, फलकांवरचे चेहरे पालटतात, आणि तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्यासाठी तेच टेबल आणि तेच ‘उद्या या’. सगळे एकाच माळेचे मणी, असं म्हणून आपण दगडापेक्षा वीट मऊ या न्यायाने पुन्हा कुणाला तरी मत देऊन येतो.

या वैतागाला नेहमीची दोन उत्तरं मिळतात. चांगली माणसं राजकारणात आली पाहिजेत, हे एक. या देशाला लष्करच पाहिजे, हे दुसरं. पहिलं भाबडं आहे आणि दुसरं भयंकर. तिसरा एक रस्ता आहे, सोडतीचा. माणसांनी तो शेकडो वर्षं वापरला, आणि नंतर इतका साफ विसरून गेली की त्याचं मुख्य यंत्र समोर दिसलं तरी ओळखू येईना.

हे यंत्र म्हणजे अक्षरशः यंत्र, दगडाचं. ब्रिटिश म्युझियमने विकत घेतलेल्या इजिप्तमधल्या एका पपायरसवर, कुणा शेतमालकाच्या जमाखर्चाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, अथेन्सच्या राज्यघटनेवरचा एक हरवलेला ग्रंथ सापडला. ॲरिस्टॉटल किंवा त्याच्या शिष्यांचा तो असावा असं मानतात. १८९१ मध्ये तो छापला गेला. त्यात न्यायालयासाठी माणसं कशी निवडायची याचं बारीकसारीक वर्णन होतं, आणि त्यात ‘क्लेरोतेरिऑन’ नावाचं काहीतरी सारखं येत होतं. अभ्यासकांना ते काय असावं याचा पत्ता लागेना. काहींना वाटलं, ती एखादी खोली असेल. पुढे १९३० च्या दशकात स्टर्लिंग डाऊ या अमेरिकन संशोधकाने अथेन्सच्या उत्खननात निघालेले, बारीक खाचांच्या रांगा असलेले दगड आणि तो मजकूर शेजारी ठेवून पाहिले, आणि कोडं सुटलं.

ते चालायचं असं. माणसाच्या उंचीची एक शिळा. तिच्यावर उभ्या ओळींत शेकडो अरुंद खाचा. न्यायदानाला आलेल्या प्रत्येक नागरिकाकडे आपापली पट्टी असायची, आधी काशाची, नंतर लाकडाची. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि गटाचं एक अक्षर. पहाटे या पट्ट्या गटवार टोपल्यांत गोळा व्हायच्या, हलवल्या जायच्या आणि एकेक करून खाचांत खोचल्या जायच्या. शिळेच्या कडेला एक नळी, वर नरसाळं. त्यात काळ्यापांढऱ्या सोंगट्या ओतायच्या आणि खालून एकेक सोडायची. पहिली सोंगटी पांढरी आली तर वरची पहिली आडवी रांग अख्खी निवडली गेली. काळी आली तर त्या रांगेतल्या सगळ्यांनी आपापली पट्टी उचलून घरी जायचं. मग दुसरी सोंगटी, दुसरी रांग. निवडलेल्यांनी पुढे एका भांड्यातून अक्षर लिहिलेलं एक फळ उचलायचं, त्यावरून कोणत्या न्यायालयात बसायचं ते ठरायचं. त्या न्यायालयाच्या दाराचा जो रंग, त्याच रंगाची काठी हातात मिळायची, म्हणजे दुसरीकडे घुसता येऊ नये.

एवढी खटपट कशासाठी? तर आज कोणता खटला कोणासमोर चालणार हे सूर्य उगवेपर्यंत जगात कुणालाच माहीत नसावं म्हणून. ज्याला लाच द्यायची तो माणूसच अजून ठरलेला नाही. आणि न्यायमंडळ पाचदहा जणांचं नसायचं, २०१, ५०१ अशी संख्या असायची. ५०१ जणांना एका सकाळीत विकत घेऊन दाखवा! या काशाच्या पट्ट्यांपैकी बऱ्याचशा आज आपल्याला सापडल्या आहेत त्या थडग्यांमधून. आपली सोडतीची पट्टी सोबत घेऊन ती माणसं मातीत गेली. आपल्यापैकी कुणी मतदार ओळखपत्र चितेवर नेईल असं वाटत नाही.

न्यायालयंच नव्हे, राज्यकारभारही असाच चालायचा. पाचशे जणांचं मंडळ कारभार पाहायचं. दहा गटांतून प्रत्येकी ५०, सगळे सोडतीने, मुदत एक वर्ष, आणि आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. त्या मंडळाचा अध्यक्ष रोज सोडतीने निघायचा. एक दिवस आणि एक रात्र खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर त्याच्याकडे, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चर्मकार किंवा शेतकरी. सॉक्रेटिससुद्धा या मंडळावर बसला होता. इसवी सनापूर्वी ४०६ मध्ये जमावाच्या दबावाखाली सेनापतींवर बेकायदा एकगठ्ठा खटला चालवायला त्याने तिथेच नकार दिला. चिठ्ठी निघाली म्हणजे मोकळं रान असंही नव्हतं. पदावर बसण्याआधी पात्रतेची तपासणी व्हायची आणि उतरताना पै-पैचा हिशेब द्यावा लागायचा.

इथे थांबून दुसरी बाजू सांगायला हवी. हे नागरिक म्हणजे फक्त पुरुष, तेही अथेन्सकर आईबापांचे. बायका, गुलाम, बाहेरून येऊन वसलेले, सगळे बाहेर. सेनापती मात्र ते मतांनी निवडत, कारण लढाईला कसब लागतं. पण हीच तर गंमत आहे. जिथे कसबी माणूस हवा तिथे निवडणूक, जिथे सगळ्यांचं राज्य हवं तिथे सोडत, असा त्यांचा सरळ हिशेब. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये तो लिहूनच ठेवला आहे: पदं सोडतीने भरणं हे लोकशाहीचं लक्षण समजलं जातं आणि निवडणुकीने भरणं हे मूठभरांच्या राज्याचं. पुढे १७४८ मध्ये माँतेस्क्यूनेही जवळपास हेच म्हटलं.

मूठभरांचं का? निवडून यायचं तर आधी लोकांच्या नजरेत भरावं लागतं. नजरेत भरायला पैसा लागतो, घराणं लागतं, वक्तृत्व लागतं, वेळ लागतो, चार माणसं मागे फिरवायची ताकद लागते. म्हणजे निवडणूक कितीही स्वच्छ झाली तरी ती चाळण एकाच प्रकारचे दाणे वर ठेवते. भ्रष्टाचार हा नंतरचा रोग. हा त्या चाळणीचा गुणधर्म आहे.

आपल्या लोकसभेवर हे ताडून पाहू. २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने उमेदवारांच्याच शपथपत्रांवरून काढलेल्या हिशेबात ५०४ खासदार कोट्यधीश निघाले आणि २५१ जणांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचं जाहीर केलं होतं. आता देशातल्या प्रौढांची नावं एका अवाढव्य ड्रममध्ये घालून ५४३ चिठ्ठ्या काढल्या तर त्यात स्त्रिया किती निघतील? साधारण २६५. वीसपैकी एकोणीस वेळा हा आकडा २४० ते २९० च्या मध्येच पडेल. ७४ किंवा त्याहून कमी निघण्याची शक्यता इतकी क्षुल्लक आहे, की विश्व जन्मल्यापासून दर सेकंदाला एक सोडत काढत बसलो असतो तरी तसा निकाल बहुधा एकदाही दिसला नसता. स्त्री आरक्षणासाठी आपण किती दशकं भांडलो ते आठवा, आणि मग हे पाहा, की सोडतीत ते भांडणच उरत नाही. शेतमजूर, रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या बायका, कर्जात बुडालेले, भाड्याने राहणारे, सगळे आपापल्या प्रमाणात आपोआप येतात. कुणाची मेहरबानी नाही आणि कुणाचा कोटा नाही. चिठ्ठीला आडनाव वाचता येत नाही.

मला सगळ्यात थक्क करणारी जागा मात्र ग्रीसमध्ये नाही. ती आहे तमिळनाडूत, कांचीपुरम जिल्ह्यात, उत्तरमेरूर गावी. तिथल्या वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या दगडी भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इसवी सन ९१९ आणि ९२१ चे लेख कोरलेले आहेत. गावच्या सभेच्या समित्या कशा नेमायच्या याचे ते नियम. गावाचे ३० वॉर्ड. प्रत्येक वॉर्डातल्या पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहायची. चिठ्ठ्यांची वॉर्डवार बांधलेली जुडी मडक्यात जाते. सगळी सभा जमते, पुजारी हजर असतात. त्यांच्यातला सर्वांत वयस्क मडकं वर उचलून सगळ्यांना दाखवतो. आत काय आहे हे ठाऊक नसलेला एक लहान मुलगा जुडी काढतो, ती दुसऱ्या मडक्यात घालून हलवतात, आणि तोच मुलगा त्यातली एक चिठ्ठी काढून मध्यस्थाच्या हातावर ठेवतो. आणि इथे लेख सांगतो, की मध्यस्थाने ती चिठ्ठी पाची बोटं पसरून, उघड्या तळहातावर घ्यायची. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला होता, की मुठीत आधीपासून एखादी चिठ्ठी लपवलेली असू शकते! मग ती मोठ्याने वाचायची, पुजाऱ्यांनीही वाचायची. अशी ३० नावं निघाली की त्यातून वार्षिक कारभाराची समिती, बागांची समिती आणि तळ्याची समिती भरायची.

अपात्रतेची यादी तर आपल्या निवडणूक आयोगाने फ्रेम करून लावावी अशी आहे. मागच्या तीन वर्षांत समितीवर बसलेला चालणार नाही. आणि आधी कधी समितीवर बसून हिशेब न देणारा तर नाहीच, शिवाय त्याचे मामेभाऊ, मावसभाऊ, आत्तेभाऊ, सासरा, मेहुणा, भाचा, मुलगा, बाप, कुणीच नाही. घराणेशाहीवर एवढा मुळावर घाव घातलेला कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. अर्थात हे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव होतं. चिठ्ठीत नाव यायला करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर आणि वेदाध्ययन लागायचं. ज्यांनी तळं खणलं त्यांची नावं त्या मडक्यात कधीच नव्हती. ड्रम कितीही प्रामाणिकपणे फिरवला तरी त्यात नावं कोणाची घातली हे आधी विचारावं लागतं.

व्हेनिसने १२६८ ते १७९७ अशी पाच शतकं आपला प्रमुख निवडताना सोडत आणि मतदान यांची अशी गुंतवळ केली होती की वाचूनच दमायला होतं. ३० जण सोडतीने, त्यातून ९ सोडतीने, त्यांनी निवडायचे ४०, त्यातून सोडतीने १२, त्यांनी निवडायचे २५, आणि असंच चाळत चाळत शेवटी ४१ जण, जे प्रमुख निवडणार. तिथेही सोडतीचे गोळे काढायला लहान मुलगाच लागायचा. हेतू एकच, बड्या घराण्यांना आधीपासून मोट बांधता येऊ नये.

मग हे सगळं गेलं कुठे? फ्रेंच विचारवंत बेर्नार मानँ यांनी यावर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्याचा सारांश असा, की अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा नव्या राज्यकर्त्यांनी सोडत विचारातसुद्धा घेतली नाही. त्यांना सामान्य माणसाचं राज्य नकोच होतं. सामान्यांच्या संमतीने चालणारं, त्यांच्याहून ‘बऱ्या’ माणसांचं राज्य हवं होतं. ते त्यांनी उघड म्हटलंही आहे. पुढे मताचा अधिकार हळूहळू सगळ्यांना मिळाला. ती फार मोठी कमाई होती. पण त्या गडबडीत ‘लोकशाही म्हणजे निवडणूक’ हे समीकरण इतकं घट्ट बसलं, की निवडणुकीला कंटाळलेल्या माणसाला आपण लोकशाहीलाच कंटाळलो असं वाटायला लागलं.

आपल्याकडे हा पेच काही थोरांना पुरेपूर जाणवला होता. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा राजनीतीच्या जागी लोकनीती हवी म्हणत राहिले. जयप्रकाशांनी १९५४ मध्ये बोधगयेला जीवनदान जाहीर करून पक्षीय राजकारण सोडलं आणि १९५९ मध्ये ग्रामसभेपासून वर जाणाऱ्या पक्षविरहित लोकशाहीचा आराखडा मांडला. पण पक्ष नको तर माणसं निवडायची कशी, याचं सर्वांना पटेल असं उत्तर निघालं नाही. पुढे जयप्रकाशांची १९७४ ची संपूर्ण क्रांती १९७७ च्या मतपेटीतून सत्तेवर आली आणि जुलै १९७९ मध्ये जनता सरकार आपसांतल्या भांडणात पडलं. देश बदलायला निघालेली चळवळ निवडणूक जिंकून हरली, याचं याहून ठसठशीत उदाहरण आपल्याकडे नसेल.

सोडत आजच्या काळात कशी चालते हे पाहायला आता आयर्लंडला जाऊ.

बेळगावची सविता हलप्पनवर, ३१ वर्षांची दंतवैद्य, आयर्लंडमध्ये गॉलवे शहरात राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात सुरू झाला. गर्भ वाचणार नव्हता. तिने आणि तिच्या नवऱ्याने डॉक्टरांना गर्भपात पूर्ण करून द्या म्हणून विनवलं. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. रक्तात जंतुसंसर्ग होऊन २८ ऑक्टोबरला ती गेली. आयर्लंडने १९८३ मध्ये सार्वमत घेऊन, ६७ टक्के मतांनी, राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली होती: गर्भाला आणि आईला जगण्याचा समान हक्क. सविताच्या मृत्यूनंतर रस्त्यावर माणसं उतरली. पण आमदार-खासदार या प्रश्नाला हात लावायला तयार नव्हते. हो म्हटलं तर एक गठ्ठा मतं जाणार, नाही म्हटलं तर दुसरा. मतांवर जगणाऱ्याला काही प्रश्न सोडवणं परवडतच नाही, आणि नेमके तेच प्रश्न वर्षानुवर्षं कुजत राहतात.

सरकारने मग तो प्रश्न ९९ अनोळखी माणसांच्या हाती दिला. वय, लिंग, प्रदेश, सामाजिक स्तर यांचं प्रमाण देशासारखंच राहील अशा बेताने, यादृच्छिक पद्धतीने निवडलेले हे नागरिक. गर्भपाताच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करणारे कार्यकर्ते यात घेतले नव्हते. अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय. पगार नाही, फक्त खर्चाची भरपाई. डब्लिनजवळच्या मॅलाहाइड गावातल्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी बैठका. गोल टेबलं, प्रत्येकाभोवती सात-आठ जण. टेबलावर एक सूत्रधार, ज्याचं काम एवढंच की बोलक्याला आवरायचं आणि गप्प बसलेल्याला बोलतं करायचं. समोर डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक, दोन्ही बाजूंच्या संघटना, आणि ज्यांच्यावर हे ओढवलं अशा बायकांची ध्वनिमुद्रित निवेदनं. जनतेकडून आलेली बारा हजारांहून जास्त पत्रं. एकट्या आठव्या दुरुस्तीवर पाच शनिवार-रविवार गेले.

एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी मतदान केलं. ६४ टक्क्यांनी कौल दिला, की गर्भपाताला कारण विचारण्याची अट नको, फक्त आठवड्यांची मर्यादा असावी. राजकारण्यांना आणि पत्रकारांना धक्काच बसला. हे फार पुढचं झालं, देश एवढा पुढे गेलेला नाही, असं तेव्हा बोललं गेलं. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं. ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती रद्द करायला होकार दिला, ४० पैकी ३९ मतदारसंघांत. दोन्ही वेळचे प्रश्न हुबेहूब एक नव्हते, तरीही देश नक्की कुठे उभा आहे हे हयात राजकारणात घालवलेल्यांना कळलं नव्हतं आणि हॉटेलात बसलेल्या ९९ जणांना कळलं होतं. त्याआधी २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्क्यांनी मान्यता मिळाली, त्या सार्वमताची शिफारसही अशाच मंडळाची होती. त्यात ६६ सामान्य नागरिक होते आणि ३३ राजकारणी.

यात जादू काही नाही. सोडतीने आलेल्या माणसाला पुन्हा निवडून यायचं नसतं, म्हणून त्याला मत बदलणं परवडतं. एवढंच.

पण हुरळून जायला नको. याच आयरिश मंडळात पुढे सात बदली सदस्य रीतसर न निवडता ओळखीपाळखीतून फोनवर भरल्याचं उघड झालं. ते गर्भपाताच्या मतदानानंतर आलेले होते, म्हणून तो निकाल बचावला. मार्च २०२४ मध्ये, दुसऱ्या एका नागरिक मंडळाच्या शिफारशींतून निघालेली दोन सार्वमतं तिथल्याच जनतेने दणकून फेटाळली. सरकारने शब्दरचना आपल्या सोयीने बदलली होती हे त्यातलं एक कारण. फ्रान्समध्ये मॅक्राँ यांनी १५० नागरिकांना हवामानाच्या प्रश्नावर बसवलं आणि तुमच्या सूचना गाळणी न लावता पुढे पाठवीन असा शब्द दिला. १४९ सूचना आल्या आणि गाळणी लागलीच. शेवटी त्या नागरिकांनी सरकारच्या कामाला गुण दिले, ते नापासाचे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तर १६० नागरिकांच्या मंडळाने मतदानाची पद्धतच बदलायची शिफारस केली. २००५ च्या सार्वमतात तिला ५७.७ टक्के मतं पडली, आणि सरकारने आधीच अट घातली होती ६० टक्क्यांची. निवडणुकीतून आलेले लोक निवडणूक कशी व्हावी हे ठरवण्याचा हक्क सहजासहजी सोडत नाहीत.

आणखी एक आक्षेप आपल्या घरातला आहे. मुंबईत १९५९ मध्ये नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ज्यूरी बसली होती, नऊ सामान्य नागरिक. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू घेऊन शहर ढवळून काढलं होतं. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल पुराव्याशी इतका विसंगत वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथे शिक्षा झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी उरलीच नाही. सामान्य माणूस भुलतो, हा धडा आपण त्यातून घेतला. मला तो अर्धवट वाटतो. त्या नऊ जणांना शहराच्या गदारोळात सोडून दिलं होतं. मॅलाहाइडच्या ९९ जणांना वेळ दिला, दोन्ही बाजू दिल्या, शांतपणे बोलायला टेबल दिलं. माणसं दोन्हीकडे सारखीच होती.

आणि शेवटी पुन्हा मुंबईच, कारण सोडतीने आपल्या डोळ्यांदेखत काय केलं हे आपण पाहिलेलंच नाही. महापालिकेत कोणता वॉर्ड महिलांसाठी राखीव हे सोडतीने ठरतं. पारदर्शक ड्रम, गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, चिठ्ठी काढायला शाळकरी मुलं. उत्तरमेरूरच्या सभेला हे दृश्य ओळखीचं वाटलं असतं. सभागृहात ‘वॉर्ड गेला’ म्हणून कपाळाला हात लावणारे असतात, आणि मग पत्नी, वहिनी, सून यांचे अर्ज भरले जातात. यावर आपण खूप विनोद केले. रिखिल भावनानी या अभ्यासकाने विनोद सोडून मोजणी केली. वॉर्ड सोडतीने राखीव झाले होते, म्हणजे राखीव आणि खुले वॉर्ड एरवी सारखेच, तुलना करायला अगदी चोख. १९९७ मध्ये जे वॉर्ड राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, त्यांत स्त्री निवडून येण्याची शक्यता दोन्ही वेळा खुल्या असलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. एकदा संधी मिळाली, बाईने काम केलं, लोकांनी पाहिलं, पक्षांनाही उमेदवार सापडला. खुल्या निवडणुकीने वर्षानुवर्षं केलं नव्हतं ते एका चिठ्ठीने पाच वर्षांत केलं. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातही राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांना असंच दिसलं: सरपंचपद आळीपाळीने स्त्रीकडे गेलं त्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला.

निवडणूक मोडीत काढावी असं माझं म्हणणं नाही. सरकार मतांनीच बसावं आणि मतांनीच उतरवता यावं. पण जे प्रश्न निवडून आलेल्यांच्या हातून सुटतच नाहीत, ते त्यांच्याच हाती ठेवून दर पाच वर्षांनी चिडण्यात काय अर्थ आहे? स्वतःचे पगार, स्वतःच्या प्रभागांच्या हद्दी, निवडणुकीचा खर्च, शहरातल्या मोकळ्या भूखंडांचं काय करायचं, हे सगळे सोडतीच्या मंडळाचे विषय आहेत.

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते, म्हणजे कल्पनेचं दार किलकिलं आहे. सूचना पाठवतात ते मात्र बहुधा आधीपासून जागे असलेलेच लोक. त्याऐवजी एकाच प्रभागात, एका वर्षासाठी, मतदारयादीतून ५० नावं काढून पाहावीत. त्यांना दिवसाची मजुरी द्यावी, दोन रविवार द्यावेत, अभियंता आणि लेखापाल समोर बसवावेत, आणि प्रभागाचा निधी कशावर खर्चायचा हे त्यांना ठरवू द्यावं. मतदारयादी तयार आहे, ड्रम पालिकेकडे आहे, चिठ्ठी काढायला जवळच्या शाळेतली पोरं आहेत. पुढच्या वेळी मत मागायला उमेदवार दारात आला, की रस्ता आणि गटार विचारून झाल्यावर त्याला हेही विचारा: निधीची सोडत लावाल का?